त्या नाटकात हसायचंच होतं, सर

सर, तुम्ही चुकला होता. तुम्ही असताना हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सांगून काही उपयोग नाही. तरी सांगतो. त्या रशियन नाटकात हसायचंच होतं. गेल्या गुरुवारी माझ्या डोळ्यांदेखत एक रशियन बाई त्याच जागी पोट धरून हसली, आणि तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आहे, ती खाली उतरायला तयार नाही.

तुम्हाला तो शनिवार आठवतही नसेल. नाशिकच्या कॉलेजात लायब्ररीच्या मागच्या खोलीत तुम्ही आम्हा चार-पाच जणांना वाचून दाखवायचात. मी बारावी सायन्सला होतो, पण पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं असं मनात पक्कं धरून बसलो होतो, आणि ते तुमच्यामुळेच. तुम्ही स्कॉलरशिपवर एक वर्ष इंग्लंडला राहून आला होता, आणि त्या एका वर्षावर तुमची सगळी पुढची हयात चालली होती. त्या दुपारी तुम्ही ते नाटक इंग्रजीतून वाचताय. घरातल्या मुलाची लांबच्या गावी बदली झालीय, घोड्यांची घसरगाडी दाराशी उभी आहे, सगळे गळ्यात पडून रडतायत. तो जातो आणि परत येतो, कारण बर्फातले बूट विसरले. पुन्हा गळाभेटी, पुन्हा रडारड. मग वाटेत गाडी मोडते, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी गाडीवान आत येऊन म्हणतो, घोडे तयार आहेत, आणि ती आई इतकी दमलेली असते की मोलकरणीला म्हणते, ‘तू रड गं थोडी, माझं डोकं चढलंय.’ सर, मला हसूच फुटलं! आमच्याकडे आत्या निघाली की अगदी हेच व्हायचं. आजी तिच्या हातावर दही घालायची, कुंकू लावायची, दोघी रडायच्या. एस.टी. चुकली की आत्या पिशव्यांसकट परत. पुन्हा दही, पुन्हा कुंकू, पुन्हा पदर डोळ्यांना. दही संपलं तर शेजारून वाटी आणायची, पण सोडायचं नाही. मला वाटलं, अरे, हे रशियातले लोक तर आपल्याच घरातले आहेत.

तुम्ही पुस्तक मिटलंत. म्हणालात, ‘लंडनच्या थिएटरात या जागी टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारची बाई रुमाल तोंडाला लावून बसली होती. इट इज व्हेरी मूव्हिंग, इट इज नॉट फनी. बाहेर हो.’ नंतर व्हरांड्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने, म्हणालात, ‘तुझ्या कानाला साहित्याचं वळण नाही रे. इंजिनियरिंगला जा. यंत्रांपुढे हसलास तरी चालतं.’ आणि मी गेलो. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती माझ्यासाठी. गंज कुठे धरलाय आणि पाइप किती झिजलाय, हे बघण्यात माझा जन्म गेला.

राग कशाचा येतो सांगू? तुम्ही मला रशियन लोक शिकवलेच नाहीत. इंग्रज रशियन लोकांकडे कसे बघतात, ते शिकवलंत आणि त्यालाच साहित्य म्हणालात. तुम्हीच सांगायचात, आधी इंग्रजांना रशियन माणूस म्हणजे नुसतं अस्वल वाटायचा. मग त्यांची नर्तकमंडळी लंडनला आली, तर बायकांनी पडद्यांचे आणि कपड्यांचे रंग बदलले. मग कादंबऱ्या आल्या, आणि ज्याला त्याला रशियन आत्मा दिसायला लागला. युद्धात दोस्ती असली की त्यांचं संगीत लावायचं, दोस्ती तुटली की तेच संगीत कार्यक्रमातून काढायचं. हे सगळं तुम्हाला माहीत होतं हो! मग एकदा तरी विचारायचं नाही का, की बाबा रे, त्या नाटकाला त्यांच्या स्वतःच्या गावात लोक काय करत होते? साहेबाला दुसऱ्याच्या घरातलं दुःख तेवढं कळतं, त्याचा विनोद कळत नाही, कारण विनोद कळायला त्या घरात राहावं लागतं. आणि तुम्ही त्याची री ओढत बसलात. आयुष्यभर.

आता इकडचं सांगतो. मी सौदीत जिझानला आहे, समुद्राकाठी, रिफायनरीच्या कंपाउंडमध्ये. सौदीकरण सुरू झाल्यापासून आमच्यातले एकेक जण फायनल एक्झिटचा शिक्का घेऊन घरी जातायत. त्यांचा देश आहे, त्यांच्या मुलांना नोकऱ्या मिळायलाच हव्यात, माझं त्यावर भांडण नाही. पण माझ्या जागी यायचा सौदी इंजिनियर आला, त्याला मी सगळं दाखवलं, ऑफिसात माझा निरोपाचा केक कापला, भाषणं झाली, आणि त्याची रियाधला बदली झाली. मग माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवला. दुसरा आला, पुन्हा केक, पुन्हा भाषणं, तो शिकायला परदेशी गेला. तिसऱ्या केकच्या वेळी आमचा मॅनेजर भाषण करता करता थांबला आणि म्हणाला, ‘यल्ला, चला, बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.’ नाशिकला फोनवर बायको म्हणते, ‘तुम्ही एकदाचे या तरी, नाहीतर मी तरी तिकडे येते.’ मी हसलो, आणि हसता हसता मला ते नाटक आठवलं.

आणि योग बघा, कंपाउंडमधल्या इंग्रजांच्या नाटक मंडळीने यंदा तेच नाटक काढलं. दिग्दर्शक आमचा सेफ्टीचा साहेब. मला त्यांनी गाडीवान केलं. दुसरं काय करणार! जिझानच्या उकाड्यात अंगावर लोकरीचा कोट, डोक्यावर टोपी, आणि एसीच्या वाऱ्याने उडणारा कापसाचा बर्फ. आधी त्यांच्यात वाद झाला, की तिकडे रशियाची लढाई चालू असताना रशियन नाटक करावं का. एक जण म्हणाली, लाज वाटली पाहिजे आपल्याला. त्यावर साहेब शांतपणे म्हणाला, ‘हा लेखक आता त्यांचा कुठे राहिलाय? त्यांच्यापेक्षा आमचाच जास्त आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तालमीत मोलकरणीला रडायला सांगायच्या त्या वाक्याला मला हसू आलं, तर साहेबाने हात वर केला आणि म्हणाला, ‘नो, नो. इथे ती आई आतून मरते आहे.’ सर, तुमचाच आवाज होता तो. मला क्षणभर नाशिकचा व्हरांडा दिसला.

प्रयोगाला क्लबचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत व्हॉल्व्ह बसवायला आलेल्या रशियन इंजिनियरची बायको होती, थोराड, मोठा गोल चेहरा. मी पहिल्यांदा घोडे तयार आहेत म्हणालो तेव्हाच ती खुदकन हसली. आजूबाजूच्या चार माना वळल्या. दुसऱ्यांदा मी आत गेलो तेव्हा तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं होतं. तिसऱ्यांदा आईने मोलकरणीला रडायला सांगितलं आणि ती बाई अक्षरशः दुमडली, सर. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकीचा सगळा हॉल कुणाच्या मयताला बसल्यासारखा बसला होता, एक इंग्रज बाई तर रुमाल काढून तयार. तुम्ही सांगितलेला तोच रुमाल! त्यांचंच नाटक, त्यांचीच माणसं, आणि त्यांच्याच बाईला हे लोक डोळ्यांनी दटावत होते, की गप्प बस, तुला कळत नाही. इतकी वर्षं मी मला कान नाही असं समजून चाललो होतो. काय केलंत हो तुम्ही!

हे कागद मी बॅगेत कपड्यांखाली ठेवणार आहे; चौथा केक झाला की नाशिकला घेऊन जाईन, आणि तिथेही कुणाला दाखवणार नाही. पण शिव्या तुम्हाला घालतोय तर उरलेलंही ऐका. प्रयोग संपल्यावर ती बाई मागे आली, माझा कोट चाचपून हसली, आणि मोडक्या इंग्रजीत विचारायला लागली, ‘हे सगळे असे का बसले होते? कुणी वारलंय का? तुम्ही तर तिथेच उभे होता, तुम्हाला तरी हसू आलं ना?’ साहेब शेजारीच उभा होता. आत्याची एस.टी., आजीची दह्याची वाटी, माझे केक, सगळं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी आधी साहेबाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणालो, ‘इट इज व्हेरी मूव्हिंग, मॅडम.’ ती ‘ओ’ एवढंच म्हणाली आणि नवऱ्याला शोधायला निघून गेली.