पाण्यातला पेटीकोट

प्रिय ॲना, माझ्या बाय,

फोनवर तू दरवेळी विचारतेस, जपान कसं वाटलं, आणि दरवेळी मी जेवणाचंच सांगत बसते. तुझा आवाज ऐकला की पुढचं बोलवतच नाही, म्हणून लिहिते आहे. माझी केली आणि जावई डेरिक ऑफिसला गेलेत. इथे शारजात अल नहदाच्या रस्त्यावरचा सकाळचा गाड्यांचा गोंगाट आता निवलाय. हे पत्र एकटीनेच वाच. जे सांगायचं आहे त्याची मला लाज वाटते, आणि या वयात अशी लाज वाटते याचीही लाज वाटते.

ती सहल केलीने मला वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. जपानच्या डोंगरातली गरम पाण्याच्या झऱ्याकाठची सराय, तीही बड्या लोकांची. ती हॉटेलच्या धंद्यातली, त्यामुळे तिला अशा जागांचं भारी वेड. डेरिकने माझी थट्टा केली, म्हणाला, ममा, गरम पाण्यासाठी जपान कशाला, ऑगस्टमध्ये आपला शारजाचा गार पाण्याचा नळ सोडा की! मी खूप हसले. मग केलीने फोनवर फोटो दाखवले. वाफाळत्या पाण्यात बायका बसलेल्या, नुसते खांदे दिसत होते. मी विचारलं, अंगात काय घालतात गं? ती म्हणाली, नथिंग, ममा! दॅट्स द होल पॉइंट! मी फोन तिच्या हातात परत दिला. कारण, ॲना, उपासकाळ लागताना, राखेच्या बुधवारच्या सुमारास, अंग पुसताना माझ्या डाव्या छातीत काहीतरी टणक हाताला लागलं होतं. नंतर नंतर तिथली कातडी आत ओढल्यासारखी वाटायची. वाटायची म्हणते, कारण डोळ्यांनी मी एकदाही बघितलं नव्हतं. कोणाला बोललेही नव्हते. सहलीला नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून गेले, आणि तिथेही झाकूनच राहायचं असं ठरवून गेले.

जागा मात्र स्वर्गासारखी, खोटं कशाला बोलू. सगळं लाकडी घर, दारातच चपला काढायच्या, गवताच्या चटया इतक्या मऊ की पाय ठेवायला संकोच वाटावा. मालकीणबाई गुडघ्यांवर बसून स्वागताला. त्यांनी दिलेला सुती झगा मी उजवा पदर वर घेऊन गुंडाळला, तर बाई धावत आल्या आणि सोडवून पुन्हा नीट नेसवला. केली कानात म्हणाली, ममा, दॅट्स ओन्ली फॉर द डेड! मेलेल्या माणसालाच तसा नेसवतात म्हणे. आम्ही दोघी तोंडावर झग्याची बाही धरून हसलो. जेवायला इवल्या इवल्या बशा, प्रत्येक बशी वेदीसारखी सजवलेली. मासा एवढासा, की आपल्याकडे मांजराने रागाने तोंड फिरवलं असतं. किती पडले म्हणून विचारलं तर केली म्हणाली, डोन्ट आस्क द प्राइस, ममा, खलास! तिला एकच हवं होतं, आम्ही मायलेकींनी एकत्र पाण्यात बसावं. लहानपणी मी कामावर असायचे, तिला कधी निवांत अंघोळ घातली नाही, ते तिच्या मनात असावं. आणि मी आपली कारणं देत होते. डोकं दुखतंय, बीपी वाढेल, रोझरी राहिली आहे. शेवटी तिने टॉवेल उचलला, फाइन, आय विल गो अलोन, म्हणाली आणि गेली. तिच्या सपातांचा आवाज व्हरांड्यातून लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिले. पोरीने एवढ्या हौसेने आणलं आणि मी तिचा हिरमोड करत होते.

तुला बोर्डिंगची न्हाणीघरं आठवतात ना? मांजरपाटाचा तो लांब झगा घालूनच अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावायचा तोही झग्याच्या आत हात घालून. कपडे बदलताना कोरडा फ्रॉक वरून चढवायचा आणि ओला झगा आतून खाली सोडायचा, इंचभर अंग न दाखवता. तू त्यात सगळ्यांत पटाईत होतीस. सिस्टर म्हणायच्या, तुमच्या राखणदार दूताला खाली बघायला लावू नका. मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे कधी सोडलंच नाही. सिरिलबरोबर सगळा संसार केला तो दिवा मालवून. तो बिचारा गेला, पण माझं अंग त्यानेही उजेडात कधी पाहिलं नाही. आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटलं, आता तिथे कोणी नसेल. केली झोपली होती. ती उठायच्या आत एकदा पाण्यात जाऊन यावं, म्हणजे तिला सांगता येईल की गेले होते. आणि मी काय केलं असेल? माझा पांढरा सुती पेटीकोट छातीशी बांधला आणि तशीच त्या कुंडात उतरले. पेटीकोटात हवा भरली आणि तो माझ्याभोवती टम्म फुगून वर आला. इकडून दाबला की तिकडून वर. तेवढ्यात पडदा सारून म्हाताऱ्या जपानी बायका आत आल्या, डोक्यावर घडी केलेला पंचा, अंगावर काही नाही. एकीच्या पोटावर ऑपरेशनचा लांब व्रण होता, तोही ती दागिन्यासारखा मिरवत होती. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. त्या पाण्यात कपडा नेणं म्हणजे आपल्याकडे कोणी चपला घालून वेदीवर चढावं तसं. कामावरची बाई काठावर गुडघे टेकून मला हातांनी खुणा करू लागली, वर पुन्हा पुन्हा वाकत होती, जणू चूक तिचीच. त्याच वेळी मला शोधत केली आली. मी घाबरून उभी राहिले.

ओल्या सुती कापडासारखं चहाडखोर दुसरं काही नाही गं. ते माझ्या अंगाला असं चिकटलं की नागडी असते तर एवढं दिसलं नसतं. केली ओरडलीच, ममा, व्हॉट आर यू... आणि मध्येच थांबली. तिची नजर माझ्या डाव्या बाजूवर होती. मग ती तशीच पाण्यात उतरून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, हे कधीपासून आहे? मराठीत. शाळेत घातल्यापासून जिने मला कधी इंग्रजीशिवाय उत्तर दिलं नाही, ती माझी केली मराठीत विचारत होती. मी सांगितलं. ती रागावली नाही. लहान मुलाचे कपडे काढावेत तसा तिने पेटीकोट माझ्या डोक्यावरून काढला, त्या बाईच्या हातात दिला, आणि मला गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं. म्हाताऱ्या बायकांनी सरकून जागा केली. केली पाण्यातच माझा हात घट्ट धरून रडत होती. जे माझ्या तोंडाने सांगायला हवं होतं ते पोरीला एका ओल्या चिंधीने सांगितलं, याच्याइतकी शरम मला जन्मात वाटली नाही.

आल्या आल्या तिने मला डॉक्टर शहनाझकडे नेलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर आहे, ॲना. येत्या मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, अजून हातचं गेलेलं नाही, इन्शाल्ला सगळं ठीक होईल, पण तेव्हाच आला असतात तर केवढं सोपं होतं. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कोणाला होता का? मी सवयीने नाही म्हणून टाकलं. आणि म्हणता म्हणता आई डोळ्यांपुढे आली. शेवटच्या वर्षात आपल्या चोळ्या ती कोणाला धुऊ द्यायची नाही, घरामागे झाडाआड वाळत घालायची. खोलीत सारखा धूप जाळायची, तरी त्याखालून तो वास यायचाच. लोकांना आपण सांगायचो, छाती भरली आहे. ना आपण विचारलं, ना तिने दाखवलं. मी डॉक्टरांना म्हटलं, हो, आईला होता. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, बहीण आहे? त्या प्रश्नासाठी हे सगळं लिहिलं. तू आणि मी एकाच आईच्या, एकाच शिकवणीच्या. मला ठाऊक आहे, तूही बघितलं नसशील. आज दार लाव, दिवा लाव, आरशासमोर हात वर करून उभी राहा आणि नीट बघ. काही दिसो की न दिसो, उद्याच वसईच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तपासून घे. लाज वाटेल, वाटू दे, ती घेऊनच जा. मंगळवारी मला आत नेतील, पण तू जाऊन आलीस हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी त्या खाटेवर आडवी होणार नाही, हे केलीलाही सांगून ठेवलं आहे.

तुझ्या फोनची वाट बघत,
तुझीच,
हेझल