शिवणीत गेलेली गच्ची

मंगळवार, तारीख नऊ

उशीएवढं जाड पुस्तक पाठवलंस आणि आत चार ओळींची चिठ्ठी ठेवायला तुझे हात मोडले होते का? पत्तासुद्धा छापील. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं, कोर्टाची नोटीसच आली.

घारे, आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून.

अख्खा देश तू विमानातून टिपलास म्हणे. तुझ्या बापाला आता हातभर लांबचंही धड दिसत नाही. मी चित्र सांगते आणि तो त्याचं कापड करतो. नदी म्हणजे उसवलेला दोरा, डोंगर म्हणजे चुरगळलेला तागा. शिंप्याला दुसरं काय सुचणार!

आपलं गाव पान एकशे बारावर आहे. पूल आहे, घड्याळाचा मनोरा आहे, त्यावरची कबुतरंही मोजून घ्यावीत. आपली गल्ली मात्र दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेली. मी तुला शिव्या घातल्या. तर तुझा बाप म्हणतो, "आई, शिवणीत कापड जातंच. तिला कोण सांगणार होतं?"

तुझी बाजू घेतली! चार वर्षांपूर्वी "आभाळात हिंडायचं तर तिथेच राहा" म्हणून ज्याने तुझ्या तोंडावर दार लावलं, त्याने. मग म्हणाला, "उसव ती शिवण."

शेजारच्या सुताराच्या लेकीला जुळ्या मुली झाल्या. पाण्याची टाकी गळते. मी इकडचं तिकडचं लिहितेय, माझं मला कळतंय. लिहिते.

"बुधवार ते शुक्रवार कधीतरी तुमच्यावरून जाईन, आजीला गच्चीवर थांबायला सांगा," असं तू गेल्या वर्षी सुताराच्या फोनवर कळवलंस. आजीला. बापाचं नाव नाही. तरी तो हटून बसला, मलाही वर न्या. खाट जिन्यात अडकली, तेव्हा सुताराने तिचे पाय कापले. तुझा बाप म्हणाला, "करवत हातात आहे तोवर माझेही काप, फुकट जागा अडवतात."

बुधवारी कोणी आलं नाही. गुरुवारी एक विमान गेलं, फार उंचावरून, सुईच्या टोकाएवढं. त्याने हात वर केला आणि ते दिसेनासं झालं असं मी सांगेपर्यंत खाली घेतला नाही. "पोरगी गेली," म्हणाला. मी हो म्हटलं.

ती तू नव्हतीस. शुक्रवारी सकाळी ढग होते. सुतार आणि त्याचा जावई त्याला उचलायला दारात आले, मी परत पाठवलं. मीच दमले होते. दुसरं कारण नाही. दुपारी आभाळ उघडलं आणि तू आलीस. दोन घिरट्या, इतक्या खालून की मांडणीतली भांडी वाजली. तो औषधाने झोपला होता. मी उठवलं नाही. उठवून करणार काय, एकटी उचलणार होते?

त्याच्याच पात्याने शिवण उसवली. आपली गच्ची निघाली. खाट आहे, उशी आहे. माणूस नाही.

"दिसतो का मी?"

"दिसतोस. हात वर आहे."

करायला गेले एक. आता तो म्हणतो, तिने हात पाहिला, पुस्तकात छापला, आणि तरी मला एक ओळ लिहिली नाही. म्हणजे मिटलं सगळं. रविवारपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटतो. डॉक्टरने येणं बंद केलं. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, चपलांशीच बोलला.

तू ये, असं मी म्हणत नाही. तू येशील असं वाटत नाही, आणि आलीस तर तो असेल असंही वाटत नाही. टपालालाच चार दिवस लागतात.

तरी लिही. फोनवर त्याला ऐकू येत नाही, आणि सुताराने निरोप सांगितला तर म्हणेल, तुम्ही दोघांनी मिळून रचलंय. शिंपी खडूने कापडावर आखतात तेवढं अक्षर काढ, तेवढं त्याचं त्याला दिसतं. हात दिसला, एवढंच लिही. खोटं मी आधीच बोलून बसलेय, तू नुसती री ओढ. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी कुठे पळून जात नाही.

तुझी
आजी

उत्तर मला नको. त्याला दे, आणि तूच दे.