बारा बंदुकांची जबाबदारी

७ सप्टेंबर १९९८, सोमवार
आबांनी जेवताना विचारलं, "राक्षस गोळीनं मरत न्हाय म्हंतीस, मग बारा बंदुका कशाला?" मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, सेकंड क्लास, आमच्या घरातली पहिली. पण हे कुठल्याच पेपरला आलं नव्हतं. सरांना विचारून सांगते म्हणाले आणि ताक मागून घेतलं.

नोकरी लागली, हे मुख्य. राजारामपुरीत मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते, त्याच्या वरच्या मजल्यावर सिनेमाचं ऑफिस निघालंय. बसवेश सर गडहिंग्लजचे, घरचा पेंडीचा व्यापार, हा पहिलाच सिनेमा. गुऱ्हाळात गूळ शिजवायच्या काहिलीतून राक्षस वर येतो आणि बारा कमांडो त्याच्याशी लढतात. सर म्हणाले, "अक्का, तू शिकलेली. तुला असिस्टंट डायरेक्टर करतो, पडद्यावर नाव घालतो. पण आधी बंदुका सांभाळ. क्लायमॅक्सपर्यंत बाराच्या बारा धड राहिल्या की नाव पक्कं."

घरी 'डायरेक्शनमध्ये आहे' एवढंच सांगितलं. बाकीचा तपशील आहे.

संकल्प: रोज वेळेवर जायचं. कोणावर आवाज चढवायचा नाही. सिनेमातून समाजप्रबोधन करायचं.

९ सप्टेंबर
बंदुका ताब्यात आल्या. रुद्रय्या सुतारांनी केल्यात. जांभळीचं लाकूड, पुढे नळाचा पाइप, वरून काळा ऑइलपेंट. नळीत धूप पेटवून ठेवला की धूर निघतो. आवाज नंतर मुंबईत भरणार. माझा बंदुकीला तत्त्वतः विरोध आहे. पण लाकडी बंदुकीला किती विरोध करायचा, हे अजून ठरलेलं नाही.

सगळ्या पोत्यात घालून बसने कमांडोंना दाखवायला तालमीत न्यायच्या होत्या. पोत्यातून पाइप बाहेर आला होता. कंडक्टरने विचारलं, काय हाय ह्यात? मी खोटं बोलत नाही. बंदुका, म्हणाले. त्याने पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग लगेज काढा की."

११ सप्टेंबर
सरांना पटकथेवर तीन पानी सूचना लिहून दिल्या. राक्षसाला मारू नये, त्याचं हृदयपरिवर्तन करावं. शेवटी त्याने कमांडोंबरोबर झाडं लावावीत. सरांनी पानं नीट घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली ठेवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. विचार उपयोगी पडतात, फक्त वेळ लागतो.

१४ सप्टेंबर
कमांडो म्हणजे तालमीतले बारा पैलवान. सरांना खऱ्या अंगाची माणसं हवी होती. त्यांचे वस्ताद गणपतराव. वस्तादांनी मला खुर्ची दिली, दूध दिलं. एक तांब्या. पूर्ण संपवल्याशिवाय उठू दिलं नाही. मग विचारलं, "म्याडम, राक्षसाचं वजन किती?" राक्षस म्हणजे ट्यूबच्या रबराचा हिरवा पोशाख आणि आत जोतीराम. जोतीराम एरवी लग्नात बँडबाजात तुतारी वाजवतो. साठ किलो असेल, मी म्हणाले. सगळी तालीम हसली.

पितृपंधरवडा असल्याने मुहूर्त घटस्थापनेला. तोवर बंदूक धरायची सवय व्हावी म्हणून बारा बंदुका तालमीतच ठेवायच्या, असा माझा निर्णय. सरांनी विचारलं, टिकतील काय गं? मी म्हणाले, विश्वास टाकला की माणूस जबाबदारीने वागतो.

१६ सप्टेंबर
चार नंबरची बंदूक खाटेच्या मोडक्या पायाच्या जागी उभी होती. खाटेवर एक कमांडो झोपला होता. मी आवाज चढवला नाही. तो उठायची वाट बघत उभी राहिले. दीड तास.

१८ सप्टेंबर
सात नंबरच्या दस्त्याने थंडाईचे बदाम कुटले. दस्ता चिरला. दोन आणि नऊ नंबरच्या मध्ये दोरी बांधून लंगोट वाळत घातले होते. नऊ नंबरची नळी वाकली. "बंदूक हे थट्टेचे साधन नव्हे" या विषयावर दहा मिनिटं बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एकाने विचारलं, "म्याडम, आठ नंबर चिंचंवर अडकलीया, ती काढायला दहा नंबर मारू का?"

आतापर्यंत चिरलेल्या, वाकलेल्या चारही रुद्रय्यांकडे नेऊन सरसाने चिकटवून आणल्या. सरांना अजून सांगितलं नाही. त्यांच्या डोक्याला आधीच ताप आहे.

१९ सप्टेंबर
नियमांचा कागद करून भिंतीवर लावला. सुवाच्य अक्षरात अकरा नियम.

२० सप्टेंबर
कागदाला तेलाचे हात पुसले होते. पण कागदाजवळ आले होते, म्हणजे वाचला असणार.

२१ सप्टेंबर, घटस्थापना
मुहूर्त झाला. सरांनी नारळ फोडला. पहिला शॉट: कमांडो उसातून धावतात. दोघांनी धावता धावता बंदुकीने ऊस मोडला आणि खात खात फ्रेमबाहेर गेले. सर डोक्याला हात लावून बसले. मी सुचवलं, यातून कमांडोंची माणुसकी दिसते. सर कानडीत काहीतरी बोलले. कानडी शिकायला हवं.

२४ सप्टेंबर
आबांनी सूतगिरणीत सगळ्यांना सांगितलंय. पोरगी डायरेक्टर झाली. 'असिस्टंट' कुठे गळलं कळत नाही. दसऱ्याला हातकणंगल्याच्या विहारात अशोक विजयादशमीचा कार्यक्रम असतो, त्यात माझा सत्कार ठरलाय. आबांनी त्या दिवसाची रजा आतापासून घातलीय, नवीन शर्ट शिवायला टाकलाय. त्यांच्या आयुष्यातला हा तिसरा शिवून घेतलेला शर्ट. आईने विचारलं, डायरेक्टर म्हणजे तलाठ्यापेक्षा मोठा का? आबा म्हणाले, "लई मोठा. तलाठ्याचं नाव पडद्यावर येतंय व्हय?"

तीस तारखेला क्लायमॅक्स आहे. त्या दिवशी बारा बंदुका धड असल्या की नाव पक्कं आणि सत्कार दुसऱ्या दिवशी. म्हणजे आबा खोटं बोलले नाहीत, सहा दिवस लवकर बोलले.

२६ सप्टेंबर
परिस्थिती: सात धड, चार चिकटवलेल्या, एक (आठ नंबर) चिंचेवर.

तीस तारीख पुढे ढकलता येत नाही. गुऱ्हाळ तोवरच आपलं आहे, दसऱ्याला मालक काहिलीखाली जाळ घालणार.

२७ सप्टेंबर, रविवार
मला मार्ग सापडला! आज तालमीत नीट निरीक्षण केलं. हेच पैलवान, पण गदेला कधी पाय लावत नाहीत. चुकून लागला तर कपाळाला हात लावतात. मुद्गलाचंही तसंच. म्हणजे यांना वस्तू सांभाळता येतात, फक्त त्या वस्तूबद्दल आदर हवा. नियमांनी आदर येत नाही. तीस तारखेला खंडेनवमी आहे, तालमीत गदा आणि मुद्गलाची पूजा होते. त्यातच आपल्या बंदुका मांडल्या तर?

माझा पूजेवर विश्वास नाही. आमच्या घरात ती पद्धत आजोबांच्या वेळेपासून बंद आहे, आणि ते योग्यच झालं. पण कामगारांच्या भावना ओळखून व्यवस्थापन करणं, यालाच आधुनिक दृष्टी म्हणतात.

वस्तादांना बोलले. ते म्हणाले, "म्याडम, बघा बरं. एकदा मांडल्या म्हंजी मांडल्या." मी ठामपणे हो म्हणाले. अर्धवट काम मला आवडत नाही. वस्ताद म्हणाले, तुमच्यासारखं माणूस बघितलं न्हाय.

२८ सप्टेंबर
एका पैलवानाने स्वतः चिंचेवर चढून आठ नंबर खाली काढली. ओल्या फडक्याने पुसली. एका विचाराने माणसं बदलतात!

२९ सप्टेंबर
सरांना पूजेचं सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. त्यांचा बेत असा, की उद्या दिवसभर शूटिंग करायचं आणि पॅकअप झाल्यावर संध्याकाळी कॅमेऱ्याला फूल वाहायचं. मला हे थोडं ढिसाळ वाटलं. मान द्यायचा तर कामाच्या आधी द्यावा. आम्ही सकाळी सहालाच उरकणार आहोत.

सत्काराच्या भाषणाचा कच्चा मसुदा केला. सुरुवात "स्त्रिया सर्व क्षेत्रांत" अशी आहे.

३० सप्टेंबर, सकाळी ७
सगळं सुरेख झालं. तालमीऐवजी गुऱ्हाळातच पाट मांडले. बाराच्या बारा बंदुका ओळीत, हळदकुंकू, झेंडू, वर गदा. मी हात जोडले नाहीत, बाजूला उभी राहून नियोजन बघितलं. चिकटवलेल्या बंदुकांचे जोड फुलांत दिसतसुद्धा नाहीत. सर दहाला येतील.

त्याच दिवशी, दुपारी १
सर आले. कॅमेरा लावला. जोतीराम पोशाखात शिरला, काहिलीत बसला. सर ओरडले, कमांडो, बंदुका घ्या! कोणी हललं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी म्हणाले, चला, घ्या. वस्ताद पुढे आले. "आज न्हाय. पूजा झाली न्हवं. उद्या शिलंगण झालं की हात लावायचा."

मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरी नवमीला काही मांडतच नाहीत, तर ते उचलायचं कधी हे कसं माहीत असणार? सरांनी विचारलं, पूजा कुणी करायला सांगितली? सगळ्या तालमीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. सर म्हणाले, "अय्यो, निशाक्का! त्यासाठीच तर मी संध्याकाळची ठेवली होती गं!"

मग मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर वीस मिनिटं बोलले. लाकूड ते लाकूडच, कार्यकारणभाव, सगळं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. वस्ताद म्हणाले, "बराबर हाय. पन तुमीच सांगिटलासा की, म्याडम, शस्त्राला मान द्या. दिला."

मी स्वतः एक बंदूक उचलायला गेले. बारा पैलवान एकदम उभे राहिले. मी फूल सरळ करून मागे आले.

काहिलीतून जोतीराम ओरडला, "मी निघू का भाईर? आत उकडून गूळ झाला माझा."

दुपारी ४
सर पेंडीच्या पोत्यावर बसून होते. गुऱ्हाळाचा मालक दोनदा येऊन उद्याच्या जाळाचं विचारून गेला. मी सरांच्या समोर जायचं टाळलं, कारण मला नवीन योजना आखायची होती.

तेवढ्यात वस्ताद सरांना म्हणाले, "सायेब, बंदूक कशाला पायजे? ह्याला आमी असाच आडवा करतो की." आणि शर्ट काढला. सरांनी कॅमेरामनला बोट दाखवलं. राक्षस काहिलीतून वर आला, दोन्ही हात उंच करून डरकाळी फोडली. वस्तादांनी त्याच्या अंगावर चिमूटभर माती टाकली, हात मिळवला आणि असा धोबीपछाड घातला, की राक्षसाचं शेपूट एकीकडे आणि जोतीराम दुसरीकडे. उसाच्या फडातली माणसं धावत आली. शिट्ट्या, फेटे वर. सर पोत्यावर उभे राहून ओरडत होते, कट म्हणायचंच विसरले. मग बाराही पैलवानांनी आळीपाळीने धरला. जोतीराम मध्येच हात जोडून म्हणाला, "ह्यापरीस गोळ्या बऱ्या हुत्या, सायेब!" तेही शॉटमध्ये आलंय.

संध्याकाळी ६
सरांनी सगळा सिनेमा बदलला. आता कमांडो नाहीत, पैलवान. उसात पळायचा सीन बंदुकांशिवाय पुन्हा घेणार. मला बोलावून म्हणाले, "अक्का, तुझ्यामुळं पिक्चर झालं बघ." मी नम्रपणे विचारलं, मग नाव? बाराच्या बारा धड आहेत. सरांनी मान हलवली. "पण बंदुकाच राहिल्या नाहीत पिक्चरमध्ये. कशाची असिस्टंट म्हणून घालू? आभारात घालतो. गुऱ्हाळमालकाच्या खाली, टेम्पोवाल्याच्या वर." उद्यापासून यायची गरज नाही, हेही प्रेमाने सांगितलं.

शांतपणे विचार केला तर हा माझा विजय आहे. बंदुकीला माझा विरोध होता, एका सिनेमातून मी बंदूक हद्दपार केली. क्लायमॅक्सही माझ्याच निर्णयामुळे असा झाला. म्हणजे दिग्दर्शन एका अर्थी माझंच. सत्कार घ्यायला हरकत नाही. भाषणात 'दिग्दर्शन' शब्द दोनदाच वापरायचा.

१ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ८
पहाटेच उठून विहारात गेले, भाषण उभं राहून म्हणून बघायला. दारात वार्ताफलक लावलाय. वर निळ्या खडूने 'सिनेदिग्दर्शिका', खाली गुलाबीने 'कु. निशाताई यांचा सत्कार'. 'सिनेदिग्दर्शिका' आबांच्या हातचं आहे. आबा चौथीपर्यंतच शिकलेत, र्शि दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमलेला दिसत होता.

भाषण म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणता येईना. मग ओढणीच्या टोकाने ती ओळ पुसली. र्शिला जास्त घासावं लागलं.

मागे आबा नवीन शर्ट घालून उभे होते. मला सगळं सांगावं लागलं. बंदुका, बदाम, नवमी, टेम्पोवाल्याच्या वरचं नाव. संपल्यावर आबांनी विचारलं, "बी.ए. तर खोटं न्हाय न्हवं?"

नाही, मी म्हणाले.

त्यांनी खिशातून खडू काढून दिला.

सहा अक्षरांच्या जागेत मी 'बी.ए.' लिहिलं. जागा बरीच उरली.