नुसतं पाणी

आई, तुला सांगते, आबा मोटारसायकलवरून गिरणा धरणावर गेले आणि पाण्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहिले. मागे मावशी बसल्या होत्या. मावशी म्हणजे त्यांची दुसरी बायको. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, आम्ही सगळ्यांनी समजावलं तेव्हा कुठे ते लग्नाला तयार झाले. मावशी दोंडाईच्याच्या, निवृत्त नर्स, त्याही एकट्याच होत्या. लग्नाच्या पंगतीत मी वाढलं आणि मनापासून वाढलं. म्हणून शनिवारी मोबाइलवर आलेला तो फोटो मला इतका का झोंबला, ते कळेना. मावशी पाण्यात पाय सोडून हसताहेत, शेजारी दोन हेल्मेट. फोटो आबांनी काढलेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीची पानं छपाईला सोडायची वेळ झाली होती आणि मी, कधी उशीर न करणारी, आबांनी काढलेला तुझा एखादा फोटो आठवत बसले. आठवला नाही.

भडगावची आपली गिरणा उन्हाळ्यात कोरडी. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की गावात आदल्या दिवसापासून बोलणं सुरू व्हायचं. तू गॅस बंद करून, हात पदराला पुसत मला पुलावर न्यायचीस. वाळूवरून पाण्याची कड सरकत येते आहे, पुढे फेस, काटक्या, कुणाची तरी चप्पल. तू वाकून बघते आहेस. घरी आल्यावर तू आबांना म्हणायचीस, "हे जिथून निघतं ते एकदा दाखवा की." आबा पाटबंधारे खात्यात, सारखे मोटारसायकलवर धरणाकडे जाणारे. कळण्याची भाकरी आणि ठेच्याचा डबा तूच बांधून द्यायचीस. ते म्हणायचे, "तिथं काय बघायचंय? नुसतं पाणी." तू हसायचीस, आणि पुढच्या आवर्तनाला पुन्हा विचारायचीस.

रविवारी सकाळी धरणावरून मावशींचा फोन आला, त्यांच्या नेहमीच्या अहिराणीत. "ये ना माय, भरीत शे आज." नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून गाडी काढली.

धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात. तसल्या हरभऱ्याला धक्का न लावता, बरोबर बांधापाशी आबांनी तंबू लावला होता. मावशी खाली बसून मिरच्या कुटत होत्या आणि आबा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होते. आई, आपले आबा. ज्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा.

"अहो, जळी राहिनं ते," मावशी म्हणाल्या. "सरकारी फाईल नाही शे ती, ठेवली अन् इसरले. फिरवा."

आबा चक्क हसले आणि वांगं फिरवलं.

माझ्याच्याने राहवेना. "आबा, आईला का नाही आणलंत कधी?"

त्यांनी जाळात एक काटकी सारली. मग म्हणाले, "ती विचारायची गं. विचारलं की माझ्या तोंडून 'नाही'च यायचं. हिनं विचारलंच नाही. तंबू आणला, गाडीला बांधला आणि म्हणाली, चला."

म्हणजे तुझं चुकलं ते इतकंच, की तू विचारत राहिलीस.

मावशींनी कुटणं थांबवलं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक बाहेर काढला. तो तुझ्या नावाचा आहे. वारलेल्या पहिलीने दुसरीचा हेवा करू नये म्हणून दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा असतो. आबांच्या बहिणीने, अक्काने, लग्नाआधी हट्टाने करून घेतला होता. "काल सांजले इले पानी दाखाडं मी," मावशी म्हणाल्या. "बठ्ठं धरण. पाण्यात बुडवून काढलं अन् परत घातलं गळ्यात."

माझे डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. मनात आलं, तुला धरण दाखवायचं, तेही हिनेच? अक्काला धास्ती तुझ्या हेव्याची होती. तुला तर हेवा करताच यायचा नाही. तो तुझ्या लेकीला जमतो, आणि लेकीसाठी कुणी टाक करत नाही.

"जेवणाला टाईम शे," मावशी आबांना म्हणाल्या. "तवर पोरीला एक चक्कर मारून आना."

या वयात मी आबांच्या मागे बसले. काठाकाठाने कच्चा रस्ता, उजवीकडे ऊन पडलेलं पाणी, उडणारे बगळे. आबांनी हँडलवरचा एक हात काढून लांबची भिंत दाखवली, दरवाजे दाखवले, नदी कुठून सुटते ते दाखवलं. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला होता. थोड्या वेळाने त्यांनी गाडी हळू केली.

"वळू का? ती ताटं मांडून बसली असेल."

"अजून पुढे चला," मी म्हणाले.

पुन्हा त्यांनी विचारलं, पुन्हा मी तेच म्हणाले. आई, हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही म्हणूनच लिहू शकते आहे. मावशी तिकडे वाट बघताहेत याचं मला बरं वाटत होतं, आणि त्या सगळ्या वेळात मला तुझी आठवण आली नाही.