अठरा बैलांची माती

१४ एप्रिल १९६३
कॉलेज सोडल्याचं दुःख नाही. सरांनी वर्ग सोडायला सांगितला, मी यवतमाळच सोडलं. मासिकात वाचलं: वाळवंटातले जंतू पाण्यावाचून वाळून पडतात, वर्षांनी थेंब मिळाला की जागे होतात. चंद्रा-मंगळावरही असं कुणी झोपलं असेल का, याचा रशिया-अमेरिकेत शोध चालू. इथून, आमच्या तांड्यातून, मी. महिन्याभरात अमेरिकेला रिपोर्ट. मग हंसाचे वडील भावसिंगकाका महागावच्या मास्तरला दिलेला शब्द मोडतील अन् हंसा मला देतील. तिचं मास्तरशी लग्न २६ मेला.

१७ एप्रिल
वाळवंट सापडलं. तांड्यामागची, काट्यांनी घेरलेली जागा. तांड्याचे प्रमुख हिरासिंग नायक म्हणाले, काहून तिकडं फिरून राह्यला सेवादास, त्या मातीले हात नको लावू. माझ्या बानं पाठीवर माल वाहणारे, लदेणीचे अठरा बैल आठवड्याभरात तिथं पुरले, चाळीस वर्षं झाली, शेळीबी जात नाही. चाळीस वर्षं! काटे काढून हातभर खणलं. अंधश्रद्धा मोडली, शिवाय डबाभर माती.

२८ एप्रिल
अकरा दिवस माती उन्हात टिनावर भाजली. चंद्रावर याहून काय जास्त?

४ मे, दुपार
पाणी घातलं. भिंगातून काही दिसेना. मायक्रोस्कोप नाही, हा सरकारचा दोष.

६ मे
डबा हंसाला दाखवायला नेला. ती बैलांना कडबा टाकत होती. म्हणाली, मातीत पाणी घातलं का चिखल होते, हे मले शाळेत न जाता ठाव हाय. अन् तू तं कॉलेजात जाऊनबी... पुढचं ऐकलं नाही. डबा भिरकावला. कडब्यावर पडला. तिनं हातानं माती झटकली, हसत हसत. रागावर ताबा: उद्यापासून.

१० मे
भावसिंगकाकांचा बैल मेला. नाकातून काळं रक्त. यंदा ऊन कडक.

११ मे
दुसराही. नायक घरोघर विचारून राह्यले, काटे कोणं काढले? मी प्रयोगाची टिपणं जाळली. शास्त्रज्ञानं निष्कर्षाची घाई करू नये.

१३ मे
हंसाच्या मनगटावर फोड. मधोमध काळा. म्हणते, दुखत नाही. म्हणजे किरकोळ.

१५ मे
दारव्ह्याचे डॉक्टर आले. बघताच म्हणाले, काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, बैल मेले तोच रोग. हा जंतू मातीत वर्षानुवर्षं वाळून बसतो, पुस्तकात आहे. म्हणजे माझा शोध पुस्तकातच होता. माती कुठली, विचारलं. मला खोकला आला. उद्या नक्की सांगणार.

१६ मे
निघालो होतो. ऊन फार.

१८ मे
पेनिसिलिन चालू. सूज दंडावरून गळ्याकडे. भावसिंगकाकांनी बोलावलं. म्हणाले, तांड्यात शिकलेला तूच, मास्तरच्या घरी चिठ्ठी लिही, लग्न थांबवलं. हेच तर मला हवं होतं. कारण काय लिहू, विचारलं. म्हणाले, खरं असन ते लिही, पोरा, लपवाचं काय त्यात?
लिहिलं. वाचून दाखवलं. ‘माती मी आणली’ इथपर्यंत.
काका उठले. वाटलं, कुऱ्हाड आणतील. आत जाऊन हंसाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. परत येऊन समोर बसले. म्हणाले, पुढं वाच.
पुढं काही लिहिलं नव्हतं.