निळी वीट आणि एकोणीस हिरवे मग

५ जानेवारी, सोमवार. दुपार.
अजेयने ऑफिसातली डायरी आणून दिली. म्हणाला, आई, गॅलरीत बसून दिवसभर लोकांना नावं ठेवतेस, ती निदान लिहून ठेव. ठेवते. चौथी पास असले तरी अक्षर बरं आहे.

नात सुरुची म्हणते, डायरीत आधी माणसांची ओळख लिहायची असते. तर: अजेय माझा मुलगा, केंद्राच्या पोलीस दलात मोठा साहेब. विनीता सून, बँकेत. सुरुची सातवीत, बंगाली फाडफाड, मराठी चाचपडत. मी वृंदा, वय बहात्तर, गाव सिन्नर, सध्या बंगालात, डमडमच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. घोरणं थांबलं.

अजेय हल्ली पुस्तक लिहितोय. नव्या साहेबांसाठी. जंगलात बंदूकवाले लपतात, गावकरी त्यांना भात देतात. गावकरी आपल्या बाजूला यावेत म्हणून सरकार रस्ता, शाळा, पंप देतं. एवढंच. याला अडीचशे पानं.

काल जेवताना सांगत होता, एका गावात दलाने हातपंप खणला. पाणी गोड. पण सहा महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मग कळलं, पंप ज्याच्या दारासमोर खणला त्याच्याशी अर्ध्या गावाचं वैर. आणि जागा दाखवली कोणी? त्यानेच.

मी म्हटलं, तुमच्या साहेबांना एवढं कळेना? मला तासाभरात कळलं असतं. अजेय हसला. म्हणाला, मग आपली गल्ली जिंकून दाखव महिनाभरात, तुझं नाव पुस्तकात छापतो.

संकल्प: ३१ जानेवारीपर्यंत गल्ली जिंकणे.

६ जानेवारी, मंगळवार.
पाहणी केली. गॅलरीतून. गुडघ्यामुळे.

गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा नळ. पाणी सकाळी सहाला येतं आणि तासाभरात जातं. घरात बोअरिंगचं पाणी आहे पण त्यात लोखंड. चहा केला की शाई होते. म्हणून प्यायचं पाणी आमची कामवाली शोभा येताना या नळावरून आणते.

नळाभोवती उकिरडा. विटांचे तुकडे, फुटकी किटली, करवंटी, सुतळीने बांधलेली एकच चप्पल. ओळीने पडलेलं, कोणी उचलत नाही. लोकांना वळण नाही. विकासाची सुरुवात इथून.

स्थानिक भाषा येते. भालो म्हणजे चांगलं, खाराप म्हणजे वाईट, आस्ते आस्ते म्हणजे हळूहळू. पुरे.

८ जानेवारी, गुरुवार.
स्थानिक पाठिंबा मिळाला! समोरच्या घरातली यामिनी आपणहून वर आली. पन्नाशीची, गोड बाई, मला माशीमा म्हणते, म्हणजे मावशी. सोबत खजुराच्या गुळाचे संदेश, इथली मिठाई. सात खाल्ले. मी नळाजवळच्या उकिरड्याचा विषय काढला तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, माशीमा, सगळा कचरा आहे हो, कोणी पुढाकारच घेत नाही, तुमच्यासारखं मोठं माणूस हवं.

बघा. दोन दिवसांत ओळखलं मला. अजेय असता तर सांगितलं असतं, पण तो जंगलाकडे दौऱ्यावर गेलाय, अठराला येईल.

शोभाला विचारायचं मनात होतं. पण ती भांडी आपटत होती. आणि कामवालीला काय विचारायचं?

९ जानेवारी, शुक्रवार.
मोहीम फत्ते. दुपारी गल्लीत शुकशुकाट असताना हातगाडीवाल्याला बोलावलं आणि स्वतः खाली उतरून उभी राहिले. यामिनी जातीने हजर. हे उचल, ते उचल, ती चप्पल राहिली बघ. एकूण अठरा वस्तू निघाल्या. एक वीट तर कोणा रिकामटेकड्याने निळी रंगवलेली.

नळ कसा लख्ख दिसतोय. पुस्तकात माझा फोटो छापतात का ते विचारायला हवं.

१० जानेवारी, शनिवार. सकाळी साडेसहा.
नळावर आरडाओरडा. आनंद व्यक्त करत असतील. या लोकांचा आनंदही मोठ्याने असतो.

सकाळी नऊ.
शोभा आली नाही. पाणी नाही. चहा काळा.

११ जानेवारी, रविवार.
शोभा आली, पण दारातूनच बोलली. हिंदी, बंगाली आणि रडणं, तिन्ही एकदम. सुरुचीने मराठी करून सांगितलं, ते असं:

तो उकिरडा नव्हता. त्या वस्तू म्हणजे माणसं. ज्याची वीट त्याचा नंबर. निळी वीट शोभाच्या सासूची, तिसरा नंबर, बावीस वर्षांपासून. शोभा सहा वाजता येणार, तिसरी बादली भरणार, सातच्या आत मेट्रो स्टेशनजवळच्या तिच्या पहिल्या घरी पोचणार. काल वीट नाही म्हणून रेटारेटीत चौदावी गेली. आज पंधरावी. पहिल्या घरच्या बाईने सांगितलंय, या महिन्यात आणखी तीनदा उशीर झाला तर दुसरी बघते. म्हणून वेळ वाचवायला शोभाने आमचं काम सोडलं. सगळ्यात सोपं सोडायला आमचंच, म्हणे.

मी म्हटलं, मग वीट म्हणजे नंबर असं बोर्डावर लिहायचं ना! सुरुचीने याचं भाषांतर केलं नाही.

पहिला नंबर सध्या यामिनीचा. लवकर उठते बिचारी.

विनीता म्हणाली, आई, तुम्ही आता काही करू नका. ही बँकवाली माणसं. धडाडी नाही.

संकल्प: नुकसानभरपाई. लोकांच्या मनात शिरून.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
अफाट यश. विनीताच्या नावाने हळदीकुंकू केलं, नळावरच्या झाडून सगळ्यांना बोलावलं. सवाष्ण-विधवा भानगड ठेवली नाही, तहान सगळ्यांनाच लागते. एकोणीस जणी आल्या. शोभासुद्धा आली, पण माझ्याकडे न बघता तिळगूळ घेतला. यामिनीने दोनदा घेतला. बायकांनीही डबे आणले, तांदळाच्या पिठाची पिठे, आत खोबरं. यांना गोड कळतं, तिखट कळत नाही.

आणि वाण! याला म्हणतात डोकं. नळाच्या बायकांना नळाचीच वस्तू. प्रत्येकीला प्लॅस्टिकचा हिरवा मग. एकसारखे एकोणीस, म्हणजे कुणाला कमी-जास्त नको. विटेच्या जागी मग ठेवा म्हणून सांगितलं. स्वच्छ, हलका, दिसायला छान. सगळ्या माना डोलवत होत्या.

अजेयला फोनवर सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, सगळे एकसारखे? जंगलात रेंज नसते.

१५ जानेवारी, गुरुवार. सकाळी पावणेसात.
नळापाशी एकोणीस हिरवे मग एका ओळीत. बायका ते पहाटेच ठेवून गेलेल्या. सहा वाजता मालकिणी आल्या. कोणाचा कुठला, देवाला ठाऊक. पहिल्या मगावर चौघींचा दावा. यामिनी म्हणे, मी हाताच्या स्पर्शावरून ओळखते. तिला दुसरीने मगानेच ओळखलं, डोक्यावर.

शोभा सतरावी. आणखी दोनदा राहिलं.

मी गॅलरीतून आस्ते आस्ते म्हणून ओरडले. सगळ्या एकदम वर बघायला लागल्या. इतका पाठिंबा मी अपेक्षिला नव्हता. आत आले.

१६ जानेवारी, शुक्रवार.
गल्लीतल्या क्लबाचा सेक्रेटरी सौरभ आला. क्लब म्हणजे एक खोली, एक कॅरम, आठ-दहा पुरुष. मी त्यांना आजवर बेकार समजत होते. पण पूजा, ॲम्ब्युलन्स, भांडणं, मयत, सगळं तिथूनच हलतं म्हणे. सौरभ अदबीने बसला, काळा चहा निमूट प्यायला आणि म्हणाला, माशीमा, आधी क्लबला एका शब्दाने विचारायला हवं होतं.

मग सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी गल्लीत नळच नव्हता. बायका नगरपालिकेच्या दारात जाऊन बसल्या. नऊ दिवस. दोन्ही पक्षांचे पुढारी येऊन नमस्कार करून गेले, बायका उठल्या नाहीत. नळ आला तेव्हा त्या दारात ज्या ओळीने बसल्या होत्या तीच नळाची ओळ झाली. कोणी वीट ठेवली, कोणी किटली. आता नळ आमच्यामुळे आला असं दोन्ही पक्ष सांगतात, पण ओळीला हात कोणी लावत नाही.

मी म्हटलं, हे आधी कोणी सांगितलं नाही. तो म्हणाला, आधी कोणी विचारलं नाही.

उद्धट आहे. पण बिस्किट घेतलं नाही, म्हणजे तत्त्वाचा असावा.

१८ जानेवारी, रविवार.
अजेय आला. सगळं ऐकलं. रागावला नाही, त्याचाच मला राग आला. चौकशी सुरू केली, जशी जंगलात करतो. कचरा आहे असं कोण म्हणालं? यामिनी. किती वस्तू उचलल्या? अठरा. नळावर बायका किती? एकोणीस. मग एकोणिसावी वस्तू कुठे गेली, आई?

मी म्हटलं, असेल कुठे.

यामिनीचा आधीचा नंबर किती होता? मला काय माहीत. सुरुचीला माहीत होता. अकरावा. लग्न होऊन उशिरा आली, एक घर गल्ली सोडून गेलं तेव्हा त्यांची जागा मिळाली. फुटकी किटली तिची. मोहिमेच्या सकाळी स्वतःच उचलून घरात नेली.

अजेय हळूच म्हणाला, पंपाची जागा दाखवली कोणी?

मी उठून सोड्याचं पाणी प्यायले. ॲसिडिटी. ते संदेश जड होते.

२० जानेवारी, मंगळवार.
मधले काही दिवस शोभा कशीबशी वेळेत पोचली, तरी मोजणी एका दिवसावर आली आहे. आणखी एकदा उशीर झाला की संपलं.

मी काही मनाला लावून घेणारी नाही. पण पायी फिरावं असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, म्हणून माकडटोपी घालून सुरुचीबरोबर तळ्यामागच्या कचराकुंडीपर्यंत फिरायला गेले. सोबत काठी होती, म्हणून थोडं उकरलं. निळी वीट मिळाली. शिवाय चप्पल, करवंटी आणि आठ तुकडे. दोन कुत्रे आणि एक गाय मिळाली, ती नाही आणली.

मग शोभाच्या घरी. सासू अंथरुणाला खिळलेली, माझ्याच वयाची, माझ्याहून खडूस. तिने वीट हातात घेऊन उलटसुलट बघितली. मला बस म्हणाली नाही. सौरभला लिहून घ्यायला बोलावलं आणि डोळे मिटून ओळीतली नावं सांगायला लागली. पहिली अमकी, तिचा पोरगा तापला होता तरी उठली नाही. दुसरी तमकी, तिसरी मी, चौथी सारखी शिंकायची. मूळ एकोणीस अशा सांगितल्या, जशा तिच्या शेजारी आत्ताही बसल्या आहेत. मध्येच रडेल की काय वाटलं. रडली नाही. बरं झालं, मला असल्या वेळी काय करायचं ते येत नाही.

निघताना मी हिंदीत म्हटलं, चूक झाली. खोकल्यात म्हटलं. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने शोभाला मला पाणी द्यायला सांगितलं. अर्धा पेला.

२१ जानेवारी, बुधवार.
ओळ पूर्ववत. निळी वीट तिसरी. शोभा सातला पाच कमी असताना मेट्रोच्या रस्त्याला लागलेली मी गॅलरीतून पाहिली. पळत नव्हती. चालत होती.

यामिनी किटलीसकट परत अकरावी. मला बघून हात हलवला, जसं काही झालंच नाही. बाई राजकारणात हवी.

२३ जानेवारी, शुक्रवार. सरस्वती पूजा.
क्लबाने खिचडी पाठवली, लाबडा म्हणजे मिसळभाजी, टोमॅटोची गोड चटणी. पोरी पिवळ्या साड्यांत. एकोणीस हिरव्या मगांतून क्लबाने खिचडी वाढली. वाण वाया गेलं नाही.

शोभा सोमवारपासून कामाला येणार. पण पाणी आणणार नाही. म्हणाली, माशीमा, तुमच्या पाण्यासाठी तुमची वीट ठेवा.

२९ जानेवारी, गुरुवार.
क्लबाच्या बैठकीत माझी वीट मंजूर. स्थानिक लोकांनी मला आपलंसं केलं! विसावा नंबर. अजेयचे साहेब जंगलात पाच-पाच वर्षं राहतात, त्यांना कुणी वीट दिली?

विटेला जांभळा रंग दिला. उठून दिसते.

अजेयचं नवं प्रकरण लिहून झालं. इंग्रजीत आहे. सुरुचीने अडखळत मराठीत वाचून दाखवलं. एका शहरी वस्तीत बाहेरून आलेल्या एका उत्साही व्यक्तीने. पुढे दोन पानं तेच. त्या व्यक्तीने काय विचारायला हवं होतं, कोणाला, कोणत्या क्रमाने. क्रमात पहिलं नाव घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचं.

मी विचारलं, माझं नाव कुठे आहे? सुरुची म्हणाली, आजी, बाबा म्हणतात की नाव छापलं नाही याबद्दल तू देवाचे आभार मान.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळी सव्वासात.
साडेपाचला उठले. थंडी. शाल, टोपी, कळशी. ओळीत कोणी मला हसलं नाही, कोणी जागाही दिली नाही. पुढे एकोणिसावी उभी होती ती तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. बंगालीत. मला सगळ्या समजल्या.

पाणी एकोणिसाव्यापर्यंत आलं.

चहा काळा.