खांबावरचं नाव

१२ मार्च
आज बाबांचीच मुलाखत घेतली. प्रबंधासाठी! विषय भारदस्त — बल्गेरियन चित्रपटसृष्टी आणि जागतिकीकरण. प्रत्यक्षात काय, तर परदेशी लोक सोफियाबाहेरच्या स्टुडिओत स्वस्तात लढाया उभारतात आणि बाबा त्यांत मरतात. कधी इराकी म्हणून, कधी रशियन.

"संवाद किती मिळाले आजवर?"

"मेलेल्याला कसले संवाद गं, रालित्सा!"

आणि नाव? पडद्यावर एकदाही नाही. हे विचारल्यावर उठून कॉफी करायला गेले.

३ एप्रिल
बाबांना आपल्या भाषेतला सिनेमा मिळाला!! शूटिंग इथेच, पेर्निकला, आमच्या गल्लीत. भूमिका मेलेल्या बापाचीच — पण कुणी गेलं की गल्लीतल्या खांबावर शोकपत्र चिकटवतात ना, त्यात फोटो आणि नाव दिसणार. बाबांनी दिग्दर्शकाला गळ घातली, "माझंच नाव छापा. मेतोदी गेनोव्ह."

मी खूप भांडले. जिवंत माणसाचं नाव त्या कागदावर! आई असती तर अपशकुन टळावा म्हणून तीनदा थुंकली असती. "एकदा तरी दिसू दे की," म्हणाले.

२० एप्रिल
शूटिंगवाले गेले, कागद तसेच खांबावर! शेजारची पेनका मावशी आज गावाहून आली, वाचलं, आणि मयतासाठी शिजवतात तो गहू नि दोन फुलं घेऊन रडत दारात. फुलं दोन, सम, म्हणजे मेलेल्याची. दार उघडलं बाबांनी!

"मेल्या, लाज नाही वाटत? पोरगी एकटी पडली म्हणून गहू शिजवत बसले मी!"

बाबा हसून हसून खालीच बसले. मग दोघांनी तो गहू राकियाच्या पेल्यांबरोबर संपवला. ती गेल्यावर म्हणाले, "खरंच रडली गं ती. एवढ्यांदा मेलो, पहिल्यांदाच कुणी रडलं."

१५ सप्टेंबर
सिनेमा परदेशी कंपनीने घेतला. घरीच पाहिला. खांबाचा प्रसंग कापलाय! बाहेरच्या प्रेक्षकांना तो कागद कळत नाही म्हणे. शेवटच्या नावांतही बाबा नाहीत. ते टीव्हीसमोर तसेच बसून राहिले, नवा कोट घालून.

१७ सप्टेंबर
गाईडबाई खूश. "उत्तम उदाहरण! प्रकरणात घाल." संताप आला. तरी घातलं.

९ नोव्हेंबर
खांबावरचा कागद पावसाने गेला. बाबा जाऊन बघून आले. जेवले नाहीत. छातीत दुखतंय म्हणतात, पण डॉक्टर नको.

२ डिसेंबर
सकाळी खळ आणि ब्रश घेऊन खांबावर बाबांचा कागद मी लावला. फोटो तोच. दुसरा चांगला नव्हता.

पेनका मावशी बाजारातून येत होती. वाचलं, हसली. "परत शूटिंग? सांग मेतोदीला, या खेपेला मी गहू शिजवणार नाही हां!"

आणि गेली. हाक मारायला हवी होती. मी कागदाचे कोपरे दाबत राहिले.